डोकं गेलेला, आटे गेलेला, तुटलेला: गाडीतला अडलेला बोल्ट काढताना

गाडीचं काम करताना बोल्ट अडतो तेव्हा तीनपैकी एक काहीतरी झालेलं असतं. डोक्याचे कोपरे गोल होऊन पाना घसरत असतो. किंवा डोकं नुसतं फिरत राहतं आणि बोल्ट बाहेर येत नाही, म्हणजे आटे गेलेले असतात. किंवा डोकं तुटून सॉकेटमध्ये आलेलं असतं आणि दांडा आतच राहिलेला असतो. तिन्ही ठिकाणी करायचं काम वेगळं आहे, पण बहुतेक वेळा दुखणं पहिल्या प्रकारात सुरू होतं आणि आपल्याच हाताने तिसऱ्यापर्यंत पोचतं.

कारण साधं आहे. योग्य मापाचा पाना लावूनही डोकं गोल झालं, तर बोल्ट आट्यांत किंवा डोक्याखालच्या बैठकीवर जाम होता. तो जाम तसाच ठेवून जास्त घट्ट पकड मिळवली, की सगळा जोर पुढच्या कमकुवत जागी जातो, आणि ती जागा म्हणजे बोल्टचा दांडा. म्हणून आधी जाम सोडवायचा, मग पकड शोधायची, आणि कापणं-ड्रिल करणं अगदी शेवटी. हा क्रम उलटा झाला की दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

पाना पहिल्यांदा घसरला की

थांबा. पहिल्या घसरणीत कोपऱ्यांचा थोडाच धातू गेलेला असतो, दुसऱ्या-तिसऱ्या घसरणीत उरलेला जातो. आधी माप तपासा. एम ८ बोल्टचं (म्हणजे ८ मिमी व्यासाच्या दांड्याच्या बोल्टचं) डोकं काही गाड्यांत १३ मिमीचं असतं, तर जपानी घडणीच्या गाड्यांत बरेचदा १२ चं. एम १० ला १७, १६ किंवा १४, यांपैकी काहीही लागू शकतं. १२ च्या डोक्यावर १३ चा पाना बसतो, थोडा हलतो, आणि तेवढी हालचाल कोपरे खायला पुरते.

दुसरं, हत्याराचा प्रकार. उघड्या तोंडाचा डी पाना डोक्याच्या फक्त दोन बाजूंना धरतो. अडलेल्या बोल्टवर तो लावूच नये. बारा कोनांचं सॉकेट किंवा रिंग पाना कोपऱ्यांच्या अगदी जवळ दाब देतो. सहा कोनांचं सॉकेट कोपऱ्यापासून थोडं आत, सपाट बाजूवर दाबतं, म्हणून कोपरे अर्धवट गेले असले तरी ते धरू शकतं. आणखी एक बारकावा: बहुतेक सॉकेटच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो, म्हणजे ते डोक्यावर पटकन बसावं. पण डोकं पातळ असेल तर त्या उतारामुळे निम्मं डोकं पकडीबाहेरच राहतं. एखाद्या जुन्या सहा-कोनी सॉकेटचं तोंड ग्राइंडरवर सपाट घासून ठेवा. पातळ डोक्याच्या बोल्टवर एवढ्या बदलानेही काम होतं.

ॲलन (डोक्यात षटकोनी खाच) आणि टॉर्क्स (चांदणीसारखी खाच) बोल्टच्या खाचेत माती, गंज, जुनं ग्रीस भरलेलं असतं. टोकदार सुईने ते पूर्ण उकरून काढा, ब्रेक क्लीनर मारा, आणि बिट हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवा. अर्ध्या खोलीवर बसलेला बिट खाचेची वरची कड सोलतो, मग खाली धातू शाबूत असूनही उपयोग नाही. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत बारा टोकांच्या खाचेचे बोल्ट बरेच असतात. त्यांना ट्रिपल स्क्वेअर किंवा एक्सझेडएन म्हणतात. घाईत ते टॉर्क्ससारखे दिसतात, टॉर्क्स बिट त्यात बसल्यासारखाही वाटतो, आणि पहिल्याच जोरात खाच जाते. टोकं मोजा: सहा म्हणजे टॉर्क्स, बारा म्हणजे एक्सझेडएन.

उलट्या आट्यांचे बोल्ट गाडीत फार थोडे, पण असतात. चाकांची दिशा जुळवायच्या काही टाय रॉडचं एक टोक, काही पंख्यांचे क्लच, काही जुन्या गाड्यांत एका बाजूचे चाकाचे नट. उलटा जोर लावून बोल्ट आवळतच चाललोय असं होऊ नये, म्हणून शंका आली की सर्व्हिस मॅन्युअल उघडा.

जाम सोडवणं: तेल, ठोके, उष्णता

पेनेट्रेटिंग ऑइल म्हणजे साधं इंजिन ऑइल नव्हे, आणि ओलावा हटवायचा साधा स्प्रेही नव्हे. त्यांचं काम वेगळं. आट्यांत शिरायला तेल पातळ लागतं आणि वेळ लागतो. फवारा मारून लगेच पाना लावण्यात अर्थ नाही. शक्य असेल तर आदल्या रात्री मारा, सकाळी परत मारा. मारण्याआधी वायर ब्रशने डोक्याच्या कडेचा आणि बाहेर दिसणाऱ्या आट्यांचा गंज खरवडा, नाहीतर तेल गंजाच्या पापुद्र्यातच मुरतं. बोल्ट आरपार गेला असेल तर तेल दोन्ही बाजूंनी द्या. काही जण ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन सारख्या प्रमाणात मिसळून वापरतात. ते आत चांगलं शिरतं, पण ॲसिटोन पटकन पेट घेतं, म्हणून ज्या बोल्टला नंतर ज्योत दाखवायची आहे त्याला हे मिश्रण नको.

तेल मुरत असताना ठोके द्या. डोक्याच्या बरोबर मध्यावर पितळी किंवा पोलादी पंच ठेवून हातोडीचे सात-आठ ठणठणीत ठोके. उद्देश बोल्ट वाकवणं नाही. आट्यांतला गंज ठिसूळ असतो, धक्क्याने त्याला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत जातं. बोल्ट ॲल्युमिनियमच्या पातळ भागात बसलेला असेल किंवा मागे बेअरिंग असेल, तर हात आवरता घ्या.

मग हलवून पाहायचं, आणि पहिली हालचाल आवळण्याच्या दिशेने. थोडंसं, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं. त्याने गंजाचा थर फुटतो. मग सैल करायच्या बाजूला. फिरू लागला म्हणून एकदम उघडत सुटू नका. पाव फेरा मागे, अर्धा पाव पुढे, थोडं तेल, परत. जड लागू लागलं की त्याच जागी मागे-पुढे. बाहेर येताना उखडलेला गंज आट्यांत साचतो आणि बोल्ट पुन्हा घट्ट होतो. बरेच बोल्ट सुरुवातीला नाही, असे अर्ध्यावर तुटतात.

जोराचा अंदाज आकड्यांत असलेला बरा. ८.८ दर्जाचा (हा डोक्यावर कोरलेला ताकदीचा आकडा) एम ६ बोल्ट सुमारे १० न्यूटन-मीटरला आवळतात, एम ८ सुमारे २५ ला, एम १० पन्नासच्या आसपास, एम १२ सुमारे ८५ ला. तीस सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला १० किलोचा जोर म्हणजे ३० न्यूटन-मीटर. एम ६ साठी हे नेहमीच्या तिप्पट झालं, आणि तेवढ्यात तो पिळून तुटतो. लांब दांडी एम १२ आणि वरच्यांसाठी. एम ६ ला छोटा रॅचेट आणि संयम. इम्पॅक्ट रेंचचे, म्हणजे धक्के देत फिरवणाऱ्या यंत्राचे, हलके, लागोपाठ धक्के जाम सोडवायला उत्तम, पण एम ६ आणि एम ८ वर सगळ्यात कमी सेटिंगला, आणि काळं इम्पॅक्ट सॉकेट लावूनच. चकचकीत क्रोमचं सॉकेट इम्पॅक्टवर फुटून तुकडा उडू शकतो.

तरी हललं नाही तर उष्णता. पोलादाचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेला असेल तर गणित आपल्या बाजूने आहे: ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोन्हीचं तापमान १५० अंशांनी वाढवलं तर १० मिमीच्या भोकात साधारण ०.०१६ मिमीची जास्तीची फट पडते. आकडा किरकोळ वाटतो, पण दोन धातूंमधला पांढरा गंज फोडायला तो पुरतो. म्हणून इथे भोकाभोवतालचा भाग तापवायचा, बोल्ट नव्हे. पोलादात पोलाद किंवा बिडात पोलाद असेल तर युक्ती वेगळी: बोल्टचं डोकंच तापवायचं आणि थंड होऊ द्यायचं. तापताना बोल्टला बाजूला फुगायला जागा नसते, तो आतल्या आत दाबला जातो, आणि थंड झाल्यावर थोडा आकसतो. बोल्ट हाताला कोमट लागेपर्यंत थांबलात तर फायदा जास्त. गरम असतानाच मेणबत्ती कडेला टेकवली तर वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. खिळखिळा करायला हेही चांगलं.

ज्योत कुठे नको, हे जास्त महत्त्वाचं. इंधनाची नळी, ब्रेकची रबरी नळी, एबीएस सेन्सर, रबरी बुश, ड्राइव्ह शाफ्टची रबरी आवरणं (बूट) यांच्याजवळ नाही. गॅस भरलेल्या शॉकअप किंवा स्ट्रटवर कधीच नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याआधीच, आणि वितळण्याआधी लाल होऊन सूचना देत नाही. सस्पेन्शनच्या ॲल्युमिनियमच्या आर्मवर किंवा नकलवर (चाकाचा हब धरणारा भाग) ज्योत धरूच नका. उष्णतेने त्याची ताकद घटते आणि बाहेरून काही दिसत नाही. अशा जागी हॉट एअर गन वापरा, किंवा इंडक्शन हीटर असेल तर उत्तमच, कारण तो मुख्यतः बोल्टच तापवतो. आणि ब्रेक क्लीनरचा डबा वाचा. क्लोरीनयुक्त क्लीनर ओला असताना ज्योत किंवा वेल्डिंग लागलं तर फॉस्जीन वायू तयार होतो, तो जीवघेणा आहे. तापवायच्या जागी क्लोरीनविरहित क्लीनर वापरा आणि तोही पूर्ण वाळू द्या.

लाल किंवा तत्सम पक्का थ्रेडलॉकर (आटे चिकटवून ठेवणारा द्रव) लावलेला बोल्ट गंजलेला नसतानाही हलत नाही. तिथे तेल निरुपयोगी. साधारण २५० अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच फिरवायचा.

गोल डोक्यावर पकड

आता पकड. पहिला पर्याय किंचित लहान सॉकेट ठोकून बसवणं. इथे इंची सॉकेट कामाला येतात: १३ च्या गोल झालेल्या डोक्यावर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, १० वर तीन-अष्टमांश, म्हणजे ९.५, १६ वर पाच-अष्टमांश, १५.९. सहा कोनांचं, जाड भिंतीचं, आणि फुटलं तरी चालेल असं. सरळ बसतंय ना ते पाहून ठोका. याच कामासाठी आतून मळसूत्री धारा असलेली एक्स्ट्रॅक्टर सॉकेट मिळतात. जितकं उलटं फिरवाल तितक्या त्या धारा डोक्यात रुततात. दुरुस्तीचं काम नेहमीचं असेल तर हा संच आधी घ्यावा, बाकी सगळं नंतर.

ॲलनची खाच गोल झाली तर पुढच्या मापाचा टॉर्क्स बिट ठोकायचा. ५ मिमीच्या खाचेत टी ३०, ६ मध्ये टी ४०, ७ मध्ये टी ४५, ८ मध्ये टी ५०. टॉर्क्सच्या टोकांचं माप ॲलनच्या सपाट बाजूंपेक्षा जास्त आणि कोपऱ्यांपेक्षा कमी असल्यामुळे ती टोकं बाजूंमध्ये रुतून स्वतःची खाच पाडतात. ठोकण्याच्या धक्क्याने जामही थोडा सुटतो. ब्रेक कॅलिपरच्या ७ मिमी ॲलनच्या पिना बहुतेक वेळा याच पद्धतीने निघतात.

आजूबाजूला जागा असेल तर लॉकिंग पक्कड, म्हणजे व्हाइस ग्रिप. डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू कानशीने सपाट करून घेतल्या तर तीच पक्कड दुप्पट धरते. डोक्याला फ्लँज, म्हणजे खाली रुंद गोल कड, असेल तर धारदार छिन्नीने फ्लँजच्या कडेला आधी उभी खाच पाडा, मग छिन्नी तिरकी करून सैल करायच्या दिशेने ठोका. जुनी, ओबडधोबड पद्धत. पण धक्का आणि फिरवण्याचा जोर एकाच वेळी मिळतो, म्हणून अजून टिकून आहे. डोक्यात ग्राइंडरने चीर पाडून पेचकस लावण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो. एम ५-एम ६ च्या सैलसर स्क्रूसाठी ठीक. जाम एम १० साठी वेळेचा अपव्यय.

हे सगळं थकलं, आणि वेल्डिंगची सोय असेल, तर माझ्या मते नट वेल्ड करण्याला तोड नाही. डोक्यावर, किंवा तुटलेल्या दांड्यावर, एक मापाने मोठा, गॅल्व्हनाइझ न केलेला नट ठेवा आणि नटाच्या भोकातून आत वेल्ड भरत या. सुरुवात दांड्याच्या मध्यावर, मग बाहेर नटाकडे. मिग वेल्डिंग सोयीचं. भोवताली ॲल्युमिनियम असेल तर काळजी कमी, कारण पोलादाचा वेल्ड त्याला चिकटत नाही. दांडा पृष्ठभागाच्या थोडा खाली तुटला असेल तरी आधी वेल्डचे थेंब रचत वर आणता येतो. नवी पकड तर मिळतेच, शिवाय बोल्ट गाभ्यापर्यंत तापून आकसतो. वेल्ड झाल्यावर लालपणा जाऊन एक-दोन मिनिटं होऊ द्या, तेल द्या, मग मागे-पुढे हलवत काढा. नट पहिल्यांदा तुटून येईल. परत करा, तिसऱ्या-चौथ्या नटालाही बोल्ट निघतो. सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अर्थिंगची पकड शक्य तितकी बोल्टजवळ लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही.

डोकं मुद्दाम उडवणं

कधीकधी शहाणपण डोकं वाचवण्यात नसतं. बोल्टने एखादा भाग दाबून धरला आहे, आणि डोकं उडवलं तर तो भाग सरकून बाहेर येईल आणि दांड्याचे दोन-तीन सेंटिमीटर हाती लागतील, असं असेल तर सरळ डोकं उडवा. ताण गेला की आट्यांवरचा दाबही जातो. जो बोल्ट डोक्याने हलत नव्हता त्याचा दांडा पुष्कळदा पकडीने सहज फिरतो.

ब्रेक डिस्कचे स्क्रू हे याचं उत्तम उदाहरण. बऱ्याच गाड्यांत डिस्क हबला एक-दोन सपाट डोक्याच्या स्क्रूंनी लावलेली असते, आणि त्यांची फुलीची खाच हमखास जाते. आधी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरून पाहा. जपानी गाड्यांतली फुली साध्या फिलिप्सपेक्षा थोडी वेगळी असते, तिला जेआयएस (जपानी मानकाचा) बिट लागतो, आणि चुकीचा बिट वर चढून खाच खातो. नाही निघाला तर स्क्रूच्या दांड्यापेक्षा किंचित मोठा बिट लावून डोकं ड्रिल करा. डिस्क निघते, उरलेला तुकडा पकडीने निघतो. चाक लावून नट आवळले की डिस्क हबवर चाकानेच दाबली जाते; स्क्रूचं काम जोडणी करताना ती जागेवर धरण्याचं आहे. तरी नवा लावा, आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावून.

डिस्कजवळच कॅलिपरचा ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू, असतो. तो पोकळ, त्यामुळे नाजूक. पाना लावण्याआधी त्याच्या भोकात सैल न बसणारी ड्रिल बिटची मागची दांडी घाला, म्हणजे भिंत आत दबणार नाही. ब्रेकच्या नळीचा नट गोल झाला तर नळी नटाजवळ कापून सहा-कोनी सॉकेट थेट नटावर बसवता येतं. नळी बदलावी लागते आणि ब्रेकमधली हवा काढावी लागते, पण गंजलेली नळी तशीही बदलायचीच होती.

चाकाच्या नटांचं एक वेगळं दुखणं. काही नटांवर चकचकीत पत्र्याची टोपी चढवलेली असते. टोपीखाली गंज साचतो, टोपी फुगते, आणि १९ चं सॉकेट बसेनासं होतं. मोठं सॉकेट लावून डोकं खाऊ नका. छिन्नीने टोपी सोला, आतला नट एका मापाने लहान निघतो. बदलताना अखंड पोलादाचे नट घ्या. आणि चाकाचे नट सैल करताना चाक जमिनीवर असू द्या, गाडी जॅकवर ठेवून लांब दांडीला हिसके देऊ नका.

ड्रिल आणि एक्स्ट्रॅक्टर

दांडा आत तुटला, पकडायला काही नाही, वेल्डिंगही शक्य नाही, तर ड्रिल. इथे सगळं काम मध्यबिंदूचं आहे. तुटलेला पृष्ठभाग उंचसखल असतो, त्यावर बिट घसरतो. म्हणून आधी कानशीने किंवा बारीक बरने (ड्रिलवर फिरणारी छोटी कानस) तो सपाट करा. मग बरोबर मध्यावर पंच. पंच चुकला तर तिरका ठोका देऊन खूण सरकवा. भोवताली ॲल्युमिनियम असेल तर एक मिमीची चूकही महाग पडते: पोलाद कठीण, ॲल्युमिनियम मऊ, बिट मऊ बाजूला पळतो आणि बोल्ट सोडून भिंत खातो. निघालेला भाग परत जागेवर लावून त्याच्या भोकात घट्ट बसेल अशी, मधोमध ३ मिमीचं भोक असलेली पोलादी नळी घातली, तर ड्रिलला आपोआप मार्ग मिळतो. हे अर्ध्या तासाचं काम करायला लोक कंटाळतात, आणि नंतर सिलिंडर हेड उतरवतात.

सुरुवात ३ मिमीने. वेग कमी, दाब जास्त, कटिंग ऑइल सतत. ३ मिमीच्या बिटला मिनिटाला दीड हजारच्या आसपास फेरे, साडेसहाच्या बिटला सातशे. बिट फिरतोय पण भुसा येत नाही, असं झालं की थांबा. घासून घासून तिथला धातू कडक होतो आणि बिट बोथट होतो. ८.८ ला साधे एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचे) बिट चालतात, १०.९ आणि १२.९ ला कोबाल्टचे घ्या. बंद भोक असेल तर बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. गॉगल लागतोच, विशेषतः गाडीखाली झोपून वर ड्रिल करताना.

शक्य असेल तर डाव्या फिरकीचे बिट वापरा आणि ड्रिल उलटा चालवा. कापण्याचा जोर बोल्टला सैल करण्याच्या बाजूने लागतो, उष्णता आणि कंप मदत करतात. बोल्ट फारसा जाम नसेल तर भोक पडता पडता तो बिटलाच अडकून बाहेर येतो.

आता एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे बोल्टमध्ये पाडलेल्या भोकात रुतवून उलटा फिरवायचा कडक दांडा. याच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. एम ८ च्या बोल्टमध्ये ४-५ मिमीचं भोक पाडून त्यात बसणारा एक्स्ट्रॅक्टर त्या बोल्टपेक्षा बारीक असतो. अख्खा बोल्ट ज्या जामापुढे तुटला, तो जाम हा बारीक, कडक, ठिसूळ तुकडा कसा सोडवणार? शिवाय निमुळता मळसूत्री एक्स्ट्रॅक्टर आत रुतताना बोल्टला बाहेर फुगवतो, म्हणजे जाम वाढतो. आणि तो आत तुटला तर साधा ड्रिल बिट त्याला ओरखडाही काढत नाही. कार्बाइडचा बिट किंवा मशीन शॉपमधलं ईडीएम (विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणारं यंत्र), एवढेच मार्ग उरतात. बोल्ट जास्त आवळल्यामुळे तुटला आणि आटे मोकळे आहेत, एवढ्याच प्रसंगी तो वापरा. सरळ धारांचा प्रकार घ्या, टॅपच्या (भोकात आटे पाडायच्या हत्याराच्या) हँडलने दोन्ही हातांनी सारखा जोर द्या, आणि तो पिळ खातोय असं हाताला जाणवलं की सोडून द्या.

जाम दांड्यासाठी खात्रीचा मार्ग म्हणजे भोक वाढवत नेणं. एम ८ साठी ३, ५, मग ६.५. आट्यांचा गाभा ६.६५ च्या आसपास असतो, म्हणून ६.५ ला थांबलं की बोल्टचं पातळ कवच आणि आट्यांची तार तेवढी उरते. ती टोकदार छिन्नीने आत दुमडून चिमट्याने ओढायची. एम ६ ला ४.८, एम १० च्या दीड पिचला (दोन आट्यांमधलं अंतर दीड मिमी) ८.२ पर्यंत जाता येतं. हे जमतं ते भोक मध्यावर असेल तरच, म्हणून वर पंचावर एवढा वेळ घालवला.

आटे गेलेला बोल्ट

डोकं फिरतंय पण बोल्ट बाहेर येत नाही, तेव्हा बोल्टला ओढ हवी. डोक्याखाली किंवा वॉशरखाली पातळ पेचकस घालून वर उचलत फिरवा. उरलेल्या एखाद्या चांगल्या आट्यावर तो चढतो आणि निघतो. ऑइल संपच्या ड्रेन प्लगचं हे नेहमीचं. बॉडीत वेल्ड केलेला नट सुटून बोल्टबरोबर फिरत असेल तर मात्र ओढून काही होत नाही. नटापर्यंत पोचायला वाट शोधा किंवा डोकं कापा.

बोल्ट निघाल्यावर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली दिसली, तर भोकातले आटे गेले. तिथे मोठा बोल्ट ठोकून बसवणं किंवा आट्यांना टेफ्लॉन टेप लावणं ही फसवणूक आहे. नवे आटे देणारा तारेचा इन्सर्ट, म्हणजे हेलिकॉइल, घाला. भोकाचं माप एम ६ साठी ६.३, एम ८ साठी ८.३ ते ८.४, एम १० साठी १०.३ ते १०.४ मिमी, किटबरोबर येणाराच टॅप वापरायचा, तो साध्या टॅपपेक्षा मोठा असतो. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, म्हणजे भुसा तुटतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं तर भुसा त्यातच चिकटतो, इंजिनात पडत नाही. टॅप तुटणं हे एक्स्ट्रॅक्टर तुटण्याइतकंच वाईट, तेव्हा तो सरळ आहे ना ते दोन दिशांनी गुण्याने तपासा. इन्सर्ट पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली जाईल एवढा फिरवा, मग खालची जीभ पंचाने तोडून काढा. लांबी बोल्टच्या व्यासाच्या दीडपट घ्या. स्पार्क प्लग आणि ड्रेन प्लगसारखे वारंवार निघणारे आटे असतील तर तारेऐवजी अखंड बुशाचा इन्सर्ट बरा.

आटे नुसते घाण असतील तर कापणारा टॅप चालवू नका, तो चांगला धातूही काढतो. आटे न कापता साफ करणारा थ्रेड चेसर वापरा, किंवा जुन्या बोल्टला उभ्या तीन चिरा पाडून तोच तेल लावून फिरवा.

परत लावताना

जुना, तापवलेला, पक्कड लागलेला बोल्ट परत लावायचा नाही. डोक्यावरचा दर्जा वाचून तोच घ्या: ८.८, १०.९, जो असेल तो, पिचही तीच. १० मिमीचे बोल्ट १.५ आणि १.२५ अशा दोन्ही पिचमध्ये येतात, आणि चुकीचा दोन-तीन फेरे जातोच. सिलिंडर हेड, सबफ्रेम, काही सस्पेन्शन बोल्ट एकदाच वापरायचे असतात. सीट बेल्ट आणि एअरबॅगचे बोल्ट कंपनीचेच.

बंद भोकातलं तेल आणि क्लीनर हवेने पूर्ण काढा. तळाशी द्रव राहिला आणि वरून बोल्ट आवळला तर त्याला जायला वाट नसते. दाबाने ब्लॉकला तडा जातो. अँटी-सीझ लावताना लक्षात ठेवा की टॉर्क रेंचवर (ठरावीक जोराला आवळायच्या पान्यावर) दिसणाऱ्या जोरातला बहुतेक भाग घर्षणात जातो, ताणात फार थोडा, ढोबळमानाने दहावा हिस्सा. घर्षण कमी केलं की त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधले आकडे बहुधा कोरड्या आट्यांचे असतात; कंपनीने सांगितलं नसेल तर चाकाच्या स्टडला काहीही लावू नका. पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच. बोटांनी जात नसेल तर बोल्ट तिरका लागतोय. बाहेर काढा, आधी उलटा फिरवून आटा खाली बसल्याचा हलका ‘टक’ जाणवेपर्यंत थांबा, मग सुलटा.

इन्सर्ट घातलेल्या जागी टॉर्क दोन टप्प्यांत द्या, आधी निम्मा, मग पूर्ण. ड्रेन प्लग असेल तर नवा वॉशर, इंजिन गरम होईपर्यंत चालवून संपखाली पुठ्ठा ठेवून गळती पाहा. चाकाचे नट पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने एकदा पुन्हा तपासा.